जखमेची ओल



घरांत कोणाची जखम चिघळली, म्हणजे सोडलेली पट्टी तोंड फिरवून टाकून देण्याची आपणां सर्वांस घाई होते. आज माझी विनंति इतकीच, कीं टाकण्यापूर्वीं ती क्षणभर न्याहाळावी. जखमेची हकीकत तिच्यावर उमटलेली असते.

जखमेंतून पाझरणारी लस ही नेहमींच घाण नव्हे. जंतूंशीं झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि त्वचेच्या वाढीस चालना देणारीं द्रव्यें तिच्यांत असतात. जखम उघडी ठेवून वाळवावी, ही समजूत जुनी आहे. परंतु १९६२ सालीं जॉर्ज विंटर यांनीं डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखविलें, कीं झांकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर उघड्या जखमेपेक्षां जवळजवळ दुप्पट वेगानें नवी त्वचा येते. खपलीखालीं नव्या पेशींना वाट शोधावी लागते. ओलाव्यावरून त्या सहज सरकतात.

मग जखम भिजत ठेवावी काय? मुळींच नाहीं. दीर्घकाळ न भरणाऱ्या जखमेच्या स्रावांत प्रथिनें तोडणारीं द्रव्यें प्रमाणाबाहेर वाढतात व नवें मांस कुरतडतात. कांठची कातडीही, धुणें धुतलेल्या बोटांसारखी, पांढरी व मऊ पडून सुटूं लागते.

तेव्हां पाहावयाचें काय? रंग, दाटपणा, वास आणि प्रमाण. ही दृष्टि नवी नव्हे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानाचा २२ वा अध्याय व्रणांच्या स्रावांचीच ओळख सांगतो. पातळ, फिकट लस आरंभींच्या दिवसांत स्वाभाविक होय. ती दाट, हिरवट वा दुर्गंधियुक्त झाली, एकाएकीं वाढली, अथवा कांठ लाल व गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें.

लस अधिक असल्यास स्पंजासारखी किंवा समुद्रशेवाळापासून केलेली शोषक पट्टी डॉक्टर सुचवितात. ती कांठापर्यंत भिजण्यापूर्वींच बदलावी. चिकटलेली पट्टी ओढूं नये. निर्जंतुक मिठाच्या पाण्यानें भिजवून सोडवावी. पायाच्या सुजेमुळें लस वाहत असेल, तर पट्ट्या बदलून भागत नाहीं. कारण शोधून सूज उतरविली पाहिजे. मात्र रक्तपुरवठा तपासल्यावांचून पाय घट्ट बांधूं नये.

मधुमेहानें पाय बधिर झालेल्या माणसास वेदना कळत नाहीं. मोज्यावरील ओला डाग हीच तेथें जखमेची पहिली हांक असते. ती कोणी ऐकली नाहीं, तर पाय गमावण्याची पाळी येते. म्हणून वहींत तारीख, स्रावाचा रंग आणि पट्टी किती तासांत भिजली, एवढें टिपून ठेवावें. उपचार करणाऱ्यास त्या दोन ओळी फार उपयोगी पडतात.