दिवा आणि रात्रपाळी

इस्पितळात पाऊल ठेवले की एक शब्द आपोआप आपल्या तोंडी येतो. तो म्हणजे ‘सिस्टर’. सत्तरीतले आजोबा नातीच्या वयाच्या मुलीला ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतात आणि त्याचे कुणाला हसू येत नाही. इतक्या लवकर जुळणारे नाते दुसरे नसेल. सरकारी कागदावर मात्र या सिस्टरांच्या पायऱ्या आहेत. स्टाफ नर्स म्हणजे अधिपरिचारिका, वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर म्हणजे परिसेविका आणि त्यांच्या वर मेट्रन, म्हणजे अधिसेविका. मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे माझे लक्ष आधी शब्दांकडे जाते. ‘परिचारिका’ या शब्दात भोवती वावरणे आहे. रुग्णाच्या भोवती वावरते ती परिचारिका. मग या परिचारिकांच्या भोवती कोण असते? त्यांना कोण घडवते, कोण सांभाळते? आज मला बोलायचे आहे ते तिच्याविषयी.

१२ मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. १८२० साली याच दिवशी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म झाला. त्यांचे ‘दिवा घेतलेली बाई’ हे चित्र आपण शाळेपासून पाहत आलो. चित्रकार त्यांच्या हातात अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखा दिवा देतात. प्रत्यक्षात स्कुतारीच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधल्या उस्कुदारच्या लष्करी इस्पितळात वापरत ते घड्यांचे तुर्की कंदील. त्यांना फानूस म्हणत.

१८५४ च्या नोव्हेंबरात ३८ जणींना घेऊन नाइटिंगेलबाई तिथे पोहोचल्या. त्यांनी सैनिकांची शुश्रूषा केली, रात्री खाटांमधून फेऱ्या घातल्या. तरीही तो सारा हिवाळा माणसे मरतच होती. १८५५ च्या मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला, त्याने तुंबलेली गटारे साफ केली, हवा खेळती केली; त्यानंतर मृत्यू झपाट्याने घटले. परत आल्यावर बाईंनी आकडे मांडून हे नीट समजून घेतले आणि जगालाही समजावले. एका हातातला दिवा हजारो खाटांना पुरत नाही. करुणा खरी असली, तरी तिला व्यवस्था लागते.

याहून विलक्षण गोष्ट पुढची आहे. क्रिमियाच्या युद्धात जडलेल्या दुखण्याने बाई पुढे वर्षानुवर्षे अंथरुणाला आणि खोलीला खिळल्या. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांच्या नावाची परिचारिका शाळा सुरू झाली. ती रोज चालवली मेट्रन वॉर्ड्रोपर यांनी. नाइटिंगेलबाई वॉर्डात नव्हत्याच! मग शिकवले कसे? पत्रांनी. मुलींना घरी बोलावून, त्यांची विचारपूस करून, थकलेलीला विश्रांतीला पाठवून. १८७२ पासून १९०० पर्यंत अधूनमधून त्या शाळेच्या मुलींना एक लांब पत्र लिहीत. ते सगळ्यांसमोर वाचले जाई.

१८५९ सालच्या त्यांच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात एक प्रकरण बारीकसारीक व्यवस्थापनावर आहे. त्याचा मथितार्थ असा, की आपण हजर असताना जे करतो, ते आपण नसतानाही होईल अशी तजवीज करणे, हे प्रमुख माणसाचे काम. जिच्यावाचून पान हलत नाही ती बाई थोर, असे आपण समजतो. नाइटिंगेलबाईंचे म्हणणे याच्या अगदी उलट होते.

त्याचे फळही दिसले. त्यांच्या शाळेत शिकलेल्या अ‍ॅग्नेस जोन्स १८६५ मध्ये बारा परिचारिका घेऊन लिव्हरपूलच्या अनाथ-दरिद्री लोकांच्या रुग्णालयात गेल्या आणि १८६८ मध्ये तिथेच टायफसने वारल्या. त्याच वर्षी ल्यूसी ऑस्बर्न पाच जणींसह सिडनीला पोहोचल्या. खोलीतल्या बाईचा कंदील असा दुसऱ्यांच्या हातांतून समुद्रापार गेला.

हे फक्त इतिहासातच घडते असे नाही. आजारी माणसाजवळ बाकावर रात्री काढलेल्या प्रत्येकाने हे पाहिले असेल. मीही पाहिले आहे. नव्या मुलीला शीर सापडत नव्हती, हात थरथरत होता. इन्चार्ज सिस्टर आल्या. रुग्णासमोर एक शब्द रागाने बोलल्या नाहीत. म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “चाचा, जरा टोचेल हं.” मग मुलीला हळूच म्हणाल्या, “घाई नको बाळ, आधी त्यांना सांग, मग सुई.” सुई त्यांनी स्वतः घेतली नाही, मुलीकडूनच लावून घेतली. माझ्या मते त्या दोन मिनिटांत एक परिचारिका घडली.

असे घडलेले मन प्रसंगाला कसे उभे राहते, हे मुंबईने २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पाहिले. कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले तेव्हा अंजली कुलथे रात्रपाळीवर होत्या. त्यांच्या वॉर्डात वीस गरोदर स्त्रिया होत्या. त्यांनी दारे लावली, सगळ्यांना आतल्या छोट्या पँट्रीत नेले. एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा गोळीबाराच्या आवाजात भिंतीच्या आडोशाने तिला प्रसूतिकक्षात पोहोचवले. पुढे साक्षीला जाताना त्यांनी गणवेशच घालण्याचा आग्रह धरला. त्या रात्री आदेश द्यायला वरचे कुणी शेजारी उभे नव्हते. जे शिकले होते तेच सोबत होते.

आता प्रश्न आपला आहे. वॉर्डाच्या सिस्टरांचा दिवस रजिस्टरे भरण्यात आणि साहित्याचा हिशेब ठेवण्यात गेला, तर नव्या मुलीच्या शेजारी उभे कोण राहणार? आणि ती मुलगी अकरा महिन्यांच्या करारावर आली असेल, तर शिकून होईतो तिची जायची वेळ होते. २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या शासकीय परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा कंत्राटी भरतीला विरोध हा त्यांचा एक मुख्य मुद्दा होता. आपल्याला तो पगाराचा वाद वाटला असेल. मला तो गुरू-शिष्यांच्या साखळीचा प्रश्न वाटतो. साखळी तुटली की वॉर्डात यंत्रे राहतील, औषधे राहतील, पण ‘आधी त्यांना सांग’ हे सांगणारे कुणी उरणार नाही.

घरी सोडतात त्या दिवशी आपण डॉक्टरांना पेढे देतो. ते जरूर द्यावेत. पण एखादे इस्पितळ चांगले की वाईट, हे ठरवताना इमारतीच्या काचा पाहू नका. इथे नव्या मुलीला कोण शिकवते, आणि शिकवायला तिला वेळ मिळतो का, एवढे विचारा. मध्यरात्री घंटी वाजवल्यावर आपल्याकडे येणारे पाऊल कसे असेल, हे त्या उत्तरावर ठरते.