सुटू न देता मोठं करणं

कवितेच्या माणसानं चंद्रावर बोलावं यात नवल नाही. आज मात्र मी चंद्र पाहण्याच्या एका छोट्याशा नळीबद्दल बोलणार आहे. दुर्बिणीच्या ज्या भागाला आपण डोळा लावतो, ती नेत्रिका. दुकानदार तिला आयपीस म्हणतात.

माझी दुर्बीण लहान आहे. पुढच्या भिंगाचा व्यास 70 मिलिमीटर, नाभीय अंतर 700. सोबत दोन नेत्रिका आल्या, 25 आणि 10 मिलिमीटरच्या. हिशेब शाळकरी आहे : 700 ला नेत्रिकेच्या आकड्यानं भागायचं. 25 ची नेत्रिका 28 पट मोठं दाखवते, 10 ची 70 पट. आकडा लहान, तेवढं चित्र मोठं.

21 एप्रिल 2023, रमजानचा 29 वा रोजा. केळापूरला आमच्या गच्चीवर दुर्बीण मांडली. सूर्य पुरता मावळेपर्यंत तिचं झाकण काढलं नाही, कारण दुर्बिणीतून सूर्य दिसला तर क्षणात डोळा जातो. अब्बांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं बाकी. कैक वर्षं ते ईदचा चंद्र इतरांच्या शब्दावरच मानत आले होते. 28 पटीत कोर सापडली. अब्बांनी डोळा लावला आणि हळूच म्हणाले, "दिख गया."

मला हाव सुटली. आणखी मोठा दाखवावा म्हणून नेत्रिका काढून दुसरी बसवली. त्या गडबडीत नळी हलली. अंधारात शोधाशोध करेपर्यंत कोर शेजारच्या कडुनिंबाआड गेली. रांगेत उभी असलेली नात विचारत राहिली, "माझा नंबर?" तिला काय सांगणार?

तेव्हापासून मी झूम नेत्रिकेचा विचार करू लागलो. तिच्यावर एक कडं असतं, बहुधा 24 पासून 8 पर्यंत फिरणारं. माझ्या दुर्बिणीत ते 29 पटींपासून 87 पटींपर्यंत नेतं. नेत्रिका काढावी लागत नाही, त्यामुळे धरलेली वस्तू सुटत नाही. मधूनमधून फोकस जरा सावरावा लागतो, एवढंच. पृथ्वी फिरते, म्हणून 70 पटीत तारा तीनेक मिनिटांत नजरेबाहेर सरकतो. रांगेत दहा मुलं असली की या सोयीची किंमत कळते.

पण घेण्याआधी तिचं उणंही जाणून घ्या. 24 वर ठेवलेल्या झूममधून आकाशाचा तुकडा लहान दिसतो, साधारण दीड अंश. त्याच ताकदीच्या साध्या, चांगल्या नेत्रिकेतून पावणेदोन अंशांहून अधिक दिसतं. कृत्तिका झूममध्ये मावतात, पण अंग चोरून. म्हणून झूम घेतली तरी जुनी 25 ची नेत्रिका टाकून देऊ नका. शोधायला तीच बरी. आपल्या दुर्बिणीचं तोंड सव्वा इंची आहे ना, हे मोजून घ्या. चष्मा लावणाऱ्यांनी चष्म्यासकट डोळा लावून पाहावं. आणि खोक्यावरच्या शेकड्यांच्या आकड्यांना भुलू नका. भिंगाच्या व्यासाचे मिलिमीटर दुप्पट करा, तीच मर्यादा. माझ्या दुर्बिणीची 140 पट. त्यापुढे चित्र फक्त फुगतं, नवं काही दिसत नाही. दुर्बिणीचा स्टँड हलणारा असेल, तर आधी पैसे तिकडे घाला.

2024 साली 29 व्या रोज्याला चंद्र दिसलाच नाही, 30 रोजे पुरे झाले. 2025 च्या 30 मार्चला तो पुन्हा आमच्या गच्चीवरून दिसला. या खेपेस दुर्बिणीला झूम होती आणि नातीचा नंबर पहिला. मग अब्बा बसले. मी त्यांचा हात कड्यावर ठेवला. त्यांनी ते 8 कडे फिरवलं. कोर मोठी झाली, पण क्षितिजाजवळच्या तापल्या हवेत उकळत्या पाण्यातल्यासारखी थरथरू लागली. अब्बांनी काही न बोलता कडं मागे फिरवलं, जवळजवळ 24 पर्यंत. कोर लहान झाली आणि स्थिर झाली. म्हणाले, "इथंच राहू दे."

झूम नेत्रिका घेताना सगळे विचारतात, ती किती मोठं दाखवते. मी आता म्हणतो, तिचा खरा उपयोग मागे फिरण्यात आहे. कुठं थांबायचं, ते ज्याच्या त्याच्या डोळ्याला ठरवू द्यावं.