हाताचे वळण, मेंदूची घडण



‘साठी बुद्धी नाठी’ अशी म्हण आपल्या समाजात रूढ आहे. वय वाढले की नवे शिकणे संपले, असा समज तिच्यामागे आहे. प्रौढ मेंदूची रचना कायमची ठरलेली असते, अशीच शास्त्रज्ञांचीही दीर्घकाळ धारणा होती.

जर्मनीतील रेगेन्सबुर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने या धारणेस धक्का दिला. २४ व्यक्तींपैकी निम्म्यांनी तीन चेंडू हवेत उडवून लागोपाठ झेलण्याची कसरत तीन महिने शिकली; उरलेल्यांनी शिकली नाही. मेंदूची चुंबकीय चित्रे तुलनेने पाहता, हलत्या वस्तूंचा वेध घेणाऱ्या भागांतील करडे द्रव्य शिकणाऱ्यांमध्ये वाढलेले आढळले. पुढील तीन महिने सराव थांबला, तेव्हा ही वाढ पुन्हा ओसरू लागली.

साठीच्या आसपासच्या व्यक्तींवर असाच प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. तरुणांच्या मानाने कसरत थोड्यांनाच नीट साधली. तथापि त्यांच्याही मेंदूत बदल दिसून आला. २००९ साली ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांना सहा आठवड्यांच्या सरावानंतर मेंदूचे भाग जोडणाऱ्या पांढऱ्या तंतूंतही फरक आढळला. कोण किती तरबेज झाला, यावर तो अवलंबून नव्हता.

हे प्रयोग मोजक्या व्यक्तींवर झाले आहेत आणि पेशींच्या पातळीवर नेमके काय घडते, हे अशा चित्रांवरून कळत नाही. तरीही त्यांतून मिळणारा बोध दुर्लक्षिण्याजोगा नाही. प्रौढ साक्षरता वर्गात प्रथमच पेन्सिल धरणारी आजी किंवा चाळिशीत शिवणयंत्रावर बसलेली भगिनी यांना ‘आता काय जमणार’ असे म्हणणे शास्त्राला धरून नाही. अक्षर वाकडे येते म्हणून विद्यार्थ्याला हिणवणाऱ्या शिक्षकानेही हे ध्यानी घ्यावे.

मात्र सराव सुटला की कमावलेले ओसरू शकते. प्रशिक्षणवर्ग संपला, प्रमाणपत्रे वाटली आणि यंत्रे कुलपात गेली, तर झालेला खर्च व्यर्थ जाण्याचा संभव असतो. ग्रामपंचायतींनी वर्गानंतरही ती यंत्रे आठवड्यातून काही तास शिकणाऱ्यांसाठी खुली ठेवावीत. त्यासाठी नव्या योजनेची गरज नाही. कुलपाची किल्ली जबाबदार हाती सोपवली, तरी पुरे.