शाळेतली प्रार्थना आणि बाहेर बसलेलं मूल

मंडळी, सकाळी घंटा झाली की आपल्या गावच्या शाळेत पोरं रांगेनं उभी राहतात. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष. हा आपला परिपाठ गुरुजींच्या इतका अंगवळणी पडलेला असतो की त्यात विचार करण्याजोगं काही असेल असं वाटतच नाही. आज आपण इंग्लंडातल्या ख्रिस्ती प्राथमिक शाळांच्या परिपाठाकडे पाहू. तिथे या थोड्या मिनिटांवरून दीडशे वर्षं वाद चालू आहे.

चर्चची शाळा म्हणजे श्रीमंतांची शाळा, असं मात्र समजू नका. १८११ साली चर्च ऑफ इंग्लंडच्या मंडळींनी नॅशनल सोसायटी ही संस्था काढली आणि गरिबांच्या मुलांसाठी गावोगाव शाळा उघडल्या. सरकारनं शाळा काढायला घेतल्या त्या १८७० च्या कायद्यानंतर. चर्चच्या शाळा आजही साडेचार हजारांवर आहेत. त्या सरकारी पैशावर चालतात, फी नसते, आणि खेड्यात पुष्कळदा तीच एक शाळा असते. बाप चर्चला मानो वा न मानो, पोर तिथेच जायचं.

खरी गोम इथेच आहे. १८७० च्या कायद्यानं त्यावर एक तोड काढली. प्रार्थना आणि धर्मशिक्षण शाळेच्या आरंभी किंवा शेवटी ठेवायचं, त्याचं वेळापत्रक वर्गात ठळक टांगायचं, आणि ज्या पालकाला नको असेल त्यानं मूल तेवढ्यापुरतं बाजूला ठेवावं. बाकीच्या अभ्यासाला त्याची झळ लागू द्यायची नाही. भिंतीवरचा एक कागद, पण त्यानं मजुराच्याही हातात हक्क दिला. पुढे १९४४ च्या कायद्यानं शाळेचा दिवस सामुदायिक उपासनेनं सुरू करणं सक्तीचं केलं. १९८८ मध्ये वेळेचं बंधन सैल झालं. सरकारी शाळेत उपासनेचं वळण मुख्यतः ख्रिस्ती असावं असं ठरलं. चर्चच्या शाळेत ती त्या पंथाच्या रीतीनं होते. मूल बाजूला ठेवण्याचा हक्क मात्र कायम राहिला.

आता ही उपासना होते कशी? मुलं दिवाणखान्याएवढ्या एका मोठ्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसतात. मेणबत्ती पेटवतात, एखादं गाणं होतं, मुख्याध्यापक किंवा गावचे पाद्री बायबलातली गोष्ट सांगतात, मग थोडी शांतता. जाणत्या बाई म्हणतात, ‘आता मी प्रार्थना करते. ज्यांना ती आपली वाटेल त्यांनी शेवटी आमेन म्हणावं, बाकीच्यांनी गप्प बसून आपापला विचार करावा.’ हे एक वाक्य मला फार मोलाचं वाटतं. देवळात माणूस आपल्या पायांनी जातो; शाळेत मूल हजेरीपटामुळे आलेलं असतं. काही शहरांत तर चर्चच्या शाळेत निम्म्याहून अधिक मुलं मुसलमान असतात. चर्च ऑफ इंग्लंडनं २०२१ साली आपल्या शाळांना सांगितलं की उपासना सर्वांना सामावणारी, आमंत्रण देणारी आणि स्फूर्ती देणारी असावी. आमंत्रण म्हटलं की नाही म्हणायची मोकळीक आलीच!

पण ती मोकळीक पुरते का? उत्तर आयर्लंडात बेलफास्टच्या एका सरकारी प्राथमिक शाळेतली लहान मुलगी घरी कुणी न शिकवलेली जेवणापूर्वीची प्रार्थना म्हणू लागली. आईबाप धार्मिक नव्हते. मुलीला बाजूला काढावं, तर ती एकटी पडणार; चार-पाच वर्षांच्या पोराला तो भेद कसा समजावणार? प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल लागला: नुसता माघारीचा हक्क पुरेसा नाही, कारण त्याचा भार पालकांवर पडतो आणि मूल वेगळं पडण्याची भीती राहते.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या राज्यघटनेचं २८ वं कलम काढून वाचा. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कुणालाही संमतीवाचून धर्मशिक्षणात वा उपासनेत सामील करता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर संमती पालकाची लागते. इंग्लंडात पालकानं ‘नको’ म्हणायला शाळेत जायचं. आपल्याकडे शाळेनं पालकाकडून ‘हो’ मिळवायचं. तो होकार तुमच्या शाळेत कुणी, कधी विचारला होता?