सुई टोचून घेण्याआधी पाच प्रश्न

(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



कर्जाच्या परतफेडीचा विषय झाला, आता आरोग्याचा. विषय सांगितल्यावर काही जणी पदर तोंडाला लावून हसतील. विषय आहे चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घालवायच्या इंजेक्शनचा, म्हणजे बोटॉक्सचा.

हा शहरातल्या बायकांचा विषय राहिलेला नाही. मोबाईल उघडला की जाहिरात येते. तालुक्याच्या पार्लरच्या बोर्डवर फेशियल आणि आयब्रोच्या खाली आता इंजेक्शनचंही नाव दिसतं. लग्नसराई आली की विचारणा वाढते. आणि आपल्या गटांतल्या ज्या ताई पार्लर चालवतात, त्यांना दोन दिवसांचा कोर्स करा आणि इंजेक्शन द्यायला लागा, असं सांगणारे एजंट भेटतात. म्हणून हे टोचून घेणाऱ्या ताईसाठीही आहे आणि पार्लर चालवणाऱ्या ताईसाठीही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. चांगलं दिसावंसं वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही. पन्नाशीतल्या बाईलाही तसं वाटू शकतं. पण लाजेपायी आपण घरात सांगत नाही, गटात विचारत नाही आणि गुपचूप जाऊन जिथे स्वस्त मिळेल तिथे टोचून घेतो. खरा धोका तिथे आहे.

आता हे औषध काम कसं करतं ते बघू. कपाळाला आठ्या घातल्या की कातडीखालचा स्नायू आवळतो. बोटॉक्सचं औषध मज्जातंतूकडून त्या स्नायूला जाणारा निरोप थांबवतं. स्नायू सैल पडतो आणि आठी कमी दिसते. परिणाम साधारण तीन-चार दिवसांनी दिसायला लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. म्हणजे एकदा घेतलं की झालं, असं नाही. एका वेळेला समजा आठ हजार रुपये लागले, तर वर्षात तीनदा घेतल्यावर चोवीस हजार होतात. गटातून अंतर्गत कर्ज घ्यायचा विचार असेल, तर हा हिशोब आधी वहीत मांडा.

आणखी एक. उन्हात राबून कातडीवर कायमच्या पडलेल्या रेघा यानं पूर्ण जात नाहीत. आणि पार्लरमधलं ‘हेअर बोटॉक्स’ वेगळं. ते केसांना लावायचं असतं, त्यात हे औषध नसतं. नावाला फसू नका.

हे औषध मुळात एका जंतूपासून मिळणारं विष आहे. अगदी थोड्या, मोजलेल्या प्रमाणात ते औषध म्हणून चालतं. तिरळेपणावर, अर्धशिशीच्या जुनाट त्रासावर, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या आखडलेल्या हातापायांवरही डॉक्टर ते वापरतात. म्हणजे औषध वाईट नाही. पण माप चुकलं, जागा चुकली किंवा माल बनावट निघाला, तर तेच अंगावर येतं. २०२४ साली अमेरिकेत असंच घडलं. परवाना किंवा प्रशिक्षण नसलेल्या माणसांकडून, कुणाच्या घरी तर कुठल्या स्पामध्ये, इंजेक्शन घेतलेल्या ११ राज्यांतल्या २२ बायकांना त्रास झाला. त्यातल्या ११ जणींना दवाखान्यात दाखल करावं लागलं. काही ठिकाणी औषधच बनावट असल्याचं आढळलं. तिथे हे होतं, तर आपण किती जपायला हवं?

आपल्या गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. तसेच हे पाच प्रश्न पाठ करा.

पहिला प्रश्न : टोचणार कोण? क्रीम, पावडर, लेप ही सौंदर्यप्रसाधनं. १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याप्रमाणे सौंदर्यप्रसाधन अंगाला चोळायचं, लावायचं किंवा फवारायचं असतं. सुईनं आत जातं ते औषध. त्यामुळे ते पार्लरचं काम नाही, त्याचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचं आहे. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन पाहा. डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाईटवर तो शोधता येतो. मुलीला, सुनेला मोबाईलवर बघायला सांगा. आणि डॉक्टर बोर्डवर आहेत, पण सुई दुसरंच कुणी टोचणार आहे, असं नको.

दुसरा प्रश्न : काय टोचणार? बाटली माझ्यासमोर उघडा, असं म्हणायला कचरू नका. औषधाचं नाव, कंपनी, बॅच नंबर आणि मुदत वाचा, वाचता येत नसेल तर सोबतच्या बाईला वाचायला सांगा. उघडण्याआधी बाटली फ्रीजमध्ये ठेवलेली हवी. पर्समधून, बॅगेतून निघालेली बाटली नको. किती युनिट टोचले ते कागदावर लिहून घ्या. एका कंपनीचं युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाएवढं नसतं. म्हणून पुढच्या वेळी डॉक्टर बदलला तर तो कागद कामाला येतो. बिल घ्याच. बिल देत नाहीत तिथे थांबू नका.

तिसरा प्रश्न : कुठे टोचणार? दवाखान्यात. कुणाच्या घरी नाही, हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांत नाही, लॉजच्या खोलीत भरलेल्या शिबिरात नाही. सुई आणि सिरिंज नवी, बंद पाकिटातली हवी. एकीची सुई दुसरीला लागली तर एचआयव्ही, कावीळ यांसारखे आजार पसरतात.

चौथा प्रश्न : मला चालेल का? हे डॉक्टरनं आधी विचारलं पाहिजे. दिवस गेलेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर हे घेऊ नका. स्नायू किंवा मज्जातंतूंचा आजार असेल, टोचायच्या जागी फोड किंवा जखम असेल तर घेऊ नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, नुकतीच अँटिबायोटिकची इंजेक्शनं झाली असतील, तर सांगा. गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. काही न विचारता सुई भरायला घेतली, तर खुर्चीवरून उठा. पैसे भरले असले तरी उठा.

पाचवा प्रश्न : बिघडलं तर कुणाकडे यायचं? दवाखान्याचा फोन नंबर आणि दोन आठवड्यांनी दाखवायची तारीख घेऊनच निघा. थोडी सूज, काळानिळा डाग, डोकं दुखणं हे होऊ शकतं. कधी पापणी खाली उतरते, ती काही आठवड्यांत सुधारते, पण डॉक्टरला दाखवा. त्या दिवशी टोचलेली जागा चोळू नका, मालिश करू नका.

आता हे नीट लक्षात ठेवा. गिळायला त्रास, बोलताना जीभ जड होणं, एकाचे दोन दिसणं, अंगात ताकद न राहणं, श्वास लागणं, यातलं काहीही झालं तर तो अशक्तपणा समजू नका. हे काही तासांनी होऊ शकतं, काही आठवड्यांनीही होऊ शकतं. १०८ ला फोन करून गाडी बोलवा आणि मोठ्या दवाखान्यात जा. तिथे पहिल्यांदा सांगा की मी सुरकुत्यांचं इंजेक्शन घेतलंय. लाजेनं लपवलं तर डॉक्टर दुसराच आजार शोधत बसतात. यावर उतारा आहे, पण तो पुढची वाढ थांबवतो, झालेलं लगेच मागे फिरवत नाही. म्हणून वेळ घालवायचा नाही.

पार्लरवाल्या तायांनो, आता तुमच्याशी बोलते. तुमचा धंदा वाढावा म्हणूनच आपण कर्ज दिलं आहे. पण एजंटचं प्रमाणपत्र भिंतीवर लावल्यानं तुम्ही डॉक्टर होत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये सौंदर्याच्या शस्त्रक्रिया आणि हेअर ट्रान्सप्लांटबद्दल सूचना काढल्या. यूट्यूब बघून शिकणं पुरेसं नाही, असं त्यात डॉक्टरांनाच बजावलं आहे. मग आपण कुठे? एखाद्या बाईची पापणी पडली, श्वास अडकला, तर एजंटचा फोन बंद लागेल आणि लोक तुमच्या दारात येतील. पोलीसही येतील. गिऱ्हाईकानं विचारलं तर सरळ सांगा, “ताई, हे माझं काम नाही, डॉक्टरकडे जा.” असं सांगणाऱ्या पार्लरवर बायकांचा विश्वास वाढतो. संशयास्पद औषध कुणी विकायला आणलं, तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार करा. एकटीला जमत नसेल तर ग्रामसंघाच्या लेटरहेडवर अर्ज द्या, मी लिहायला मदत करीन.

आणि ज्यांना इंजेक्शन नकोच, त्यांनी शेतात जाताना तोंडाला स्कार्फ बांधा, डोक्यावर टोपी घाला, भर दुपारचं ऊन टाळता येईल तेवढं टाळा, जमलं तर सनस्क्रीन लावा. नव्या सुरकुत्या कमी पडायला याचा उपयोग होतो.

एक काम सांगते. पुढच्या आठवड्याच्या बैठकीत बचत जमा करून झाली की सचिवांनी हे पाच प्रश्न मोठ्यानं वाचावेत : कोण, काय, कुठे, मला चालेल का, बिघडलं तर कुणाकडे. आणि कुणी इंजेक्शन घ्यायला निघाली, तर तिला हसू नका. तिच्यासोबत जा.