ज्युबिलीचें खरें दान : पापक्षमा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या त्रिदिनीय प्रार्थनेच्या दुसऱ्या सायंकाळीं धर्मगुरूंनीं केलेलें प्रवचन)



आपल्या धर्मग्रामाला पन्नास वर्षें पूर्ण झालीं, म्हणून देवालयावर रोषणाई झाली, पताका लागल्या, वाद्यें वाजलीं. हें सर्व उचितच आहे. परंतु ज्युबिलीचा मूळ आरंभ कशानें होतो, हें आज आपण ध्यानांत घेऊं. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत परमेश्वरानें इस्राएल लोकांस आज्ञा केली कीं, दर पन्नासाव्या वर्षीं देशभर शिंग फुंकावें, दास मुक्त करावे आणि गरिबीमुळें विकलेली जमीन मूळ कुळास परत द्यावी. तें शिंग फुंकावयाचा दिवस कोणता? प्रायश्चित्ताचा दिवस! आधीं पापक्षमा, मग उत्सव, असा तो क्रम आहे.

तर मग पापी मनुष्य देवासमोर नीतिमान ठरतो तो कशानें? संत पौल रोमकरांस लिहितो कीं, नियमशास्त्रांतील कर्मांच्या बळावर नव्हे, तर ख्रिस्तावरील श्रद्धेनें. याच प्रश्नावरून सोळाव्या शतकांत मार्टिन ल्यूथर व त्याचे अनुयायी यांचा रोमशीं मोठा वाद झाला, आणि आपल्यांत अशी समजूत रूढ झाली कीं, प्रॉटेस्टंट श्रद्धेनें तरतात व कॅथोलिक कर्मांनीं. ही समजूत चुकीची आहे. ट्रेंटच्या विश्वपरिषदेनें १३ जानेवारी १५४७ रोजीं जो निर्णय दिला, त्यांत स्पष्ट शिकविलें आहे कीं, श्रद्धा हें नीतिमत्त्वाचें मूळ होय, आणि ही कृपा कोणत्याही पूर्वकर्मानें विकत घेतां येत नाहीं. मात्र त्याबरोबर परिषदेनें हेंही सांगितलें कीं, देव क्षमा करतो तेव्हां पापावर नुसतें पांघरूण घालीत नाहीं. तो मनुष्याला आंतून नवा करतो, आणि त्या मनुष्यानें प्रीतीच्या कृतींनीं त्या कृपेस साथ द्यावयाची असते.

पुढें ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं ऑग्सबर्ग येथें कॅथोलिक ख्रिस्तसभा व जागतिक लूथरन महासंघ यांनीं या विषयावरील संयुक्त घोषणेस मान्यता दिली. २००६ सालीं मेथडिस्ट व २०१७ सालीं रिफॉर्म्ड मंडळ्याही तिला येऊन मिळाल्या. सारे मतभेद मिटले असें नव्हे; परंतु आपलें तारण ही केवळ ख्रिस्ताची कृपा, एवढ्यावर एकमत झालें. त्याला साडेचारशें वर्षें लागलीं. आपल्या घरांतले वाद आपण किती वर्षें चालविणार?

मत्तयाच्या १८ व्या अध्यायांतील ऋणी सेवक आठवा. त्याला दहा हजार तालांताचें कर्ज होतें. एक तालांत म्हणजे सुमारें सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी! राजानें तें सर्व सोडलें. बाहेर पडतांच त्यानें शंभर दीनारांसाठीं आपल्या सोबत्याचा गळा धरला. शंभर दिवसांची मजुरी ही कांहीं थोडकी रक्कम नव्हे. आपल्या भावानें आपली केलेली हानि खरीच असते. परंतु ती सहा कोटींच्या शेजारीं ठेवून पाहावी.

पापनिवेदनाविषयीं आपल्यांत दोन चुका आढळतात. कोणी म्हणतो, माझें पाप क्षमेपलीकडचें आहे. आणि वर्षानुवर्षें कुमसारास येत नाहीं. अशानें पेत्राकडे पाहावें. त्यानें प्रभूला तीनदां नाकारलें, तरी कळप त्याच्याच हातीं सोंपविला गेला. दुसरा म्हणतो, तीन नमो मरिया म्हटल्या, खातें मिटलें. आणि सरकविलेला बांध सरकविलेल्या जागींच राहतो. अशानें जक्कयाकडे पाहावें. प्रभु त्याच्या घरीं आधीं गेला, कोणतीही अट न घालतां. नंतर जक्कयानें अर्धी संपत्ति गरिबांस देऊं केली व लुबाडलेलें चौपट परत करण्याचें वचन दिलें. भरपाई ही क्षमेची किंमत नव्हे, तें क्षमेचें फळ आहे. पण झाडाला फळच नसेल, तर मूळ जिवंत आहे असें कसें म्हणावें?

कुमसारांत ऐकलेलें माझ्याबरोबर कबरेंत जाईल. परंतु देवालयाच्या आवारांत जें सर्वांनाच दिसतें, तें बोलण्यास प्रत्यवाय नाहीं. एकाच आईचे पुत्र एकाच वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेतात आणि दोन निरनिराळ्या दारांनीं बाहेर पडतात. हें मी उंचावरून बोलत नाहीं. एकदां बांधकामाच्या हिशेबावरून मी एका गृहस्थाला चारचौघांत लागट बोललों. मागाहून हिशेब बरोबर निघाला. त्याच्या दारीं जाण्यास मला सहा आठवडे लागले, आणि ते सहा आठवडे मी रोज वेदीपाशीं उभा होतों. शेवटीं त्यानेंच मला आंत बोलावून पाणी दिलें. कृपा फुकट असते म्हणजे काय, तें मला त्या ओट्यावर कळलें.

म्हणून माझी हात जोडून विनंति आहे. महोत्सवाच्या मिस्सापूर्वीं प्रत्येकानें पापनिवेदन करावें, आणि ज्या दारीं जावयाचें राहिलें आहे तेथें जाऊन यावें. मग आपल्या घंटेचा नाद त्या शिंगाचाच नाद होईल. पवित्र मरिया, पाप्यांचा आसरा, आपणां सर्वांसाठीं विनंति करो. आमेन.