अंधाराचा रंग कोणता, मॅडम?

बसमध्ये असाल, स्वयंपाक करत असाल, नाहीतर रात्री दिवा बंद करून कानात इअरफोन घालून पडला असाल. शेवटचे असाल तर आजचा एपिसोड तुमच्यासाठीच आहे. फक्त मोबाईल उलटा ठेवा. का, ते पुढे सांगते.

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की ताई, तुमचं कॉलेज कसं चाललंय? तर नवीन लोकांसाठी थोडक्यात. मी एटीडी करतेय, म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा. लग्नाला दीड वर्ष झालंय. नवरा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर आहे, शिफ्टची ड्युटी. त्याची सुट्टी गुरुवारी, माझी रविवारी. त्यामुळे आमचा संसार म्हणजे अर्धा फ्रीजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर चालतो. ‘भात कुकरमध्ये आहे.’ ‘गॅस सिलेंडर बुक कर.’ ‘तुझी कात्री मी वापरली, सॉरी.’

तर एटीडीत सराव पाठ असतात. खऱ्या शाळेत जाऊन, खऱ्या मुलांसमोर शिकवायचं. मागे आपल्या निरीक्षक मॅडम वही घेऊन बसलेल्या असतात. आदल्या रात्री पाठाचं टाचण लिहायचं, तक्ता रंगवायचा, आणि सकाळी तो गुंडाळलेला तक्ता पीएमपीएमएलच्या गर्दीत डोक्यावर धरून न्यायचा. हे ज्यांनी केलंय त्यांना हसू येत असेल.

माझा पाठ होता सहावीला, विषय स्मरणचित्र. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्यांना आठवत असेल, समोर काही न ठेवता आठवणीतून चित्र काढायचं. मी विषय घेतला ‘चांदणी रात्र’. फळ्यावर मस्त प्रात्यक्षिक दिलं. वर काळं आभाळ, चंद्रकोर, पाच टोकांच्या चांदण्या, खाली दोन त्रिकोणी डोंगर. मी खूश.

मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. बीडकडचा. आई-वडील पूर्वी ऊसतोडीला जायचे, आता इथे बांधकामावर असतात. म्हणाला, “मॅडम, तुम्ही कधी बाहेर झोपल्यात का रात्रीच्या?”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“आम्ही फडावर कोपीत राहायचो. आभाळ असं काळं नसतंय. मग अंधाराचा रंग कोणता, मॅडम?”

वर्ग हसला. मला उत्तर आलं नाही. मी काय केलं असेल? “आधी चित्र पूर्ण कर,” म्हटलं. आजही स्वतःचा राग येतो. प्रश्न खरा होता आणि मी मुलाला गप्प केलं. निरीक्षक मॅडमनी वहीत लिहिलं, “फलकलेखन चांगले. विषयाशी शिक्षिकेचा जिवंत संबंध दिसत नाही.”

घरी आले ती धुसफुसत. नवरा सेकंड शिफ्टहून रात्री उशिरा आला, त्याला म्हटलं, “मी सोडते हा डिप्लोमा. मला जमणार नाही.” तो दमलेला होता. हसत म्हणाला, “मग माझे ओव्हरटाईमचे पैसे परत दे.” त्याने गंमत केली होती. पण फी खरंच त्याच्या ओव्हरटाईममधून भरलेली आहे, त्यामुळे ती मला अशी लागली की मी दोन दिवस बोलले नाही. चिठ्ठ्यासुद्धा बंद.

पुढच्या आठवड्यात त्याची फर्स्ट शिफ्ट होती. बुधवारी दुपारी घरी आला तो मित्राचा तंबू खांद्यावर घेऊन. “चल,” म्हणाला, “बाहेर झोपून येऊ.” शुक्रवारी माझा तोच पाठ पुन्हा होता, टाचणाचा पत्ता नव्हता. तरी गुरुवारी कॉलेजला दांडी मारायचं ठरवून निघाले.

बाईकवरून जुन्या हायवेने कामशेत, तिथून डावीकडे पवनानगर. डिसेंबर महिना, हुडहुडी भरलेली. पवना धरणाच्या काठाला समोर तुंग दिसतो, टोपी घातल्यासारखा टोकदार, शिवाय तिकोना आणि लोहगड. आमच्या पिंपरी-चिंचवडच्या नळाला हेच पाणी येतं, हे मला तिथे उभी राहिल्यावर जाणवलं. रोज ज्या पाण्यात ब्रश धुते, ते हे!

पॅकेजवालं कॅम्पिंग नव्हतं. गावातल्या एका मावशींना पैसे देऊन त्यांच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत तंबू लावला. लावला म्हणजे काय, पाऊण तास भांडलो. आणि लावला तो उतारावर, त्यामुळे रात्रभर मी घसरून नवऱ्याच्या पाठीवर. खाली घालायला जाड चटई नेली नव्हती. थंडी वरून वाजते असं आपल्याला वाटतं, पण खरी थंडी जमिनीतून चढते. दोन पांघरुणं नेणार असाल तर त्यातलं जाडं खाली घाला.

पिठलं-भाकरी खाऊन झाल्यावर नवऱ्याने शेगडीतले निखारे तंबूत न्यायचं ठरवलं. मावशी धावतच आल्या. “काय रे बाळा, सकाळी उठायचं नाही का?” हे मात्र नीट ऐका. बंद तंबूत निखारे, शेगडी, गॅस काहीही न्यायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. आणि रात्री धरणाच्या पाण्यात उतरायचं नाही. पाणी शांत दिसतं, पण काठ कुठे एकदम खोल होतो ते कळत नाही.

मग आम्ही बाहेर बसलो. मी मोबाईल काढला, फोटो घ्यायला. नुसता काळा चौकोन आला. मावशी म्हणाल्या, “तो दिवा ठेव आधी बाजूला.” ठेवला.

आता मोबाईल उलटा ठेवा का म्हटलं ते सांगते. आपल्या डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मध्ये एकदा स्क्रीनचा उजेड बघितला, की जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात. मी आयुष्यात अर्धा तास सलग अंधारात बसले असेन असं मला आठवेना.

अमावस्या जवळ होती, चंद्र नव्हता. हळूहळू आभाळ उघडत गेलं. आणि ते काळं नव्हतं! डोंगर काळे होते. आभाळ त्यांच्यापेक्षा उजळ, राखाडी निळसर. पूर्वेला आमच्या शहराच्या दिव्यांचा मळकट नारिंगी पट्टा. वर मृग नक्षत्र आलं होतं. त्यातली काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर पांढरा. दोन चांदण्यांचे दोन रंग! मी फळ्यावर सगळ्या पिवळ्या काढल्या होत्या.

नवरा म्हणाला, “त्या दिवशी मी चुकीचं बोललो.” मी म्हटलं, “हो.” एवढंच. मग त्याने विचारलं, “पण तुला सोडायचंय का खरंच?” मी म्हटलं, “शुक्रवारनंतर सांगते.”

पहाटे तोंडावर टपटप पाणी. आम्हाला वाटलं तंबू फाटका. फाटका नव्हता. थंडी म्हणून आम्ही सगळ्या चेनी गच्च लावल्या होत्या, आणि आमच्याच श्वासाची वाफ थंड कापडावर जमून गळत होती. वरची खिडकी थोडी उघडी ठेवायची असते.

शुक्रवारी वर्गात गेले. तक्ता नेला नाही. आधी त्या मुलाला पुढे बोलावलं. म्हटलं, “परवा मी बाहेर झोपून आले. तुझं बरोबर होतं. आता तू सांग, कोपीतून काय दिसायचं?” तो आधी लाजला, मग सुटला. धुकं, बैलांच्या घुंगरांचा आवाज, पाचटाच्या फटीतून दिसणारी चांदणी.

मग मी व्हॅन गॉगच्या ‘स्टारी नाईट’बद्दल सांगितलं. १८८९ साली सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना खिडकीतून पाहिलेलं आभाळ त्याने दिवसा, आठवणीतून रंगवलं. म्हणजे स्मरणचित्रच की! मुलं म्हणाली, “त्याला किती मार्क मिळाले?”

काळा रंग मी बंद ठेवायला लावला. निळ्यात तपकिरी मिसळायचा. प्रमाण बदललं की कधी गार अंधार मिळतो, कधी उबदार. चांदण्या आधी पांढऱ्या मेणखडूने काढायच्या, कागदावर दिसतही नाहीत. वरून पाणीदार रंग फिरवला की मेणावर रंग बसत नाही आणि चांदण्या उगवतात. पहिली चांदणी उगवली तेव्हा वर्गात जो ओरडा झाला, तो ऐकून शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. पस्तीस मिनिटांची तासिका, पाणी सांडलं, दोघांचे शर्ट निळे झाले. निरीक्षक मॅडमनी लिहिलं, “वर्गशिस्त कमी.” खाली एक ओळ सोडून, “पुढच्या पाठाला मला आधी कळवा, मी वेळेवर येईन.”

त्या मुलाच्या चित्रात चांदणी एकच होती, कागदाच्या अगदी कोपऱ्यात. बाकी सगळा पाचटाचा तपकिरी. मी विचारलं, “एकच?” तो म्हणाला, “फट एवढीच होती, मॅडम.”

घरी आले तर नवरा झोपलेला. फ्रीजवर चिठ्ठी लावली, “सोडत नाहीये. तंबू वाळत घाल, नाहीतर बुरशी येईल.”

चला, तुम्ही पहिल्यांदा बाहेर कुठे झोपला होतात ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.